कॅमेरा वळतो तिकडे राग वळतो
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला आहे 'टीव्ही आणि राजकारण'. मी काही प्राध्यापक नाही. दहावीनंतर शाळा सुटली, सूतगिरणीत लागलो आणि रिंगफ्रेमवर उभं राहून तीस वर्षं काढली. रात्रपाळी करायची, चार तास झोपायचं आणि उठून वाचनालयात जाऊन बसायचं, एवढंच माझं शिक्षण. तरीसुद्धा हा विषय मी आनंदानं घेतला. कारण आपल्या समाजाचं दुःख आणि आपल्या समाजाचा राग त्या पेटीत कसा दिसतो, आणि कधी कधी कसा दिसतच नाही, हे मी पस्तीस-छत्तीस वर्षं बघत आलो आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत टीव्ही खऱ्या अर्थानं शिरला तो रविवारच्या सकाळी. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. ज्येष्ठांना आठवत असेल, लोक अंघोळ करून बसत, टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. आमच्या वस्तीत टीव्ही नव्हता. गावात दोन घरी होता. आम्ही पोरं त्या घराच्या खिडकीबाहेर उभं राहून बघायचो, कारण आत आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. आत बसलेल्यांना रडू यायचं तसं खिडकीबाहेरच्या आम्हालाही यायचं. ही त्या पेटीची ताकद आहे. ज्याला घरात जागा नाही त्यालासुद्धा ती आतल्यासारखं रडायला लावते.

मालिका संपली, पण चेहरे राहिले. १९९० मध्ये सोमनाथहून रथयात्रा निघाली. मोटारीला सजवून तिचा रथ केलेला होता आणि लोकांना तो रथ ओळखीचा वाटला, कारण तसला रथ ते दीड वर्ष दर रविवारी बघत होते. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीतेचं काम करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून भारतीय जनता पक्षाच्या खासदार झाल्या. खरी गंमत पुढंच आहे. रावणाचं काम करणारे अरविंद त्रिवेदी हेही त्याच निवडणुकीत, त्याच पक्षाकडून, साबरकांठातून निवडून आले! आता बघा, ज्या रावणावर देश संतापलेला होता, त्यालाच लोकांनी मतं दिली. पुढे १९९६ मध्ये 'महाभारत' मालिकेतले कृष्ण, नितीश भारद्वाज, जमशेदपूरहून खासदार झाले. म्हणजे चांगला-वाईट हा हिशेब नंतरचा. चेहरा घरात रोज दिसला पाहिजे, हा पहिला हिशेब.

हे बाबासाहेबांनी टीव्हीच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी भाषण केलं. ते 'रानडे, गांधी आणि जीना' या नावानं पुस्तकरूपात आहे, आपल्या विहाराच्या कपाटातही आहे. त्यात त्यांनी त्या काळच्या वर्तमानपत्रांना चांगलंच फैलावर घेतलं. पुढाऱ्याची पूजा मांडणं हा वर्तमानपत्रांनी धंदा केला आणि वाचकाला विचार करायला लावण्याचं काम सोडून दिलं, असा त्यांचा आरोप होता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. हे भाषण आपण दर २६ नोव्हेंबरला ऐकतो, म्हणून जास्त सांगत नाही. मला आज लोकप्रियतेपेक्षा रागाबद्दल जास्त बोलायचं आहे. टीव्ही पुढारी घडवतो हे सगळेच म्हणतात. टीव्ही आपला राग कुठल्या दिशेला वळवतो, हे फारसं कुणी बोलत नाही.

२००८ सालची गोष्ट घेऊ. २६ नोव्हेंबरच्या रात्री दहा दहशतवादी मुंबईत शिरले आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत मुंबई पेटलेली होती. त्या दिवसांत आमच्या गिरणीच्या कॅन्टीनमध्ये एक टीव्ही होता. कॅन्टीन खात्याला लागूनच. ज्यांनी रिंगफ्रेमचा आवाज ऐकला आहे त्यांना कळेल की तिथं टीव्हीचा एक शब्दही ऐकू येत नसे. आम्ही तीनही पाळ्यांचे कामगार चहा पिता पिता नुसती चित्रं बघत होतो. ताजमहाल हॉटेल, घुमटाजवळून निघणारा धूर, काळ्या कपड्यातले कमांडो, पुन्हा धूर. तीन दिवस. आणि ऐका, एकही शब्द कानावर न पडता आमच्या कॅन्टीनमधल्या शंभर माणसांचं मत तयार झालं! कोण नालायक, कोण शूर, कुणी राजीनामा द्यावा, सगळं ठरलं. मी एकाला विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "सांगायचं काय त्यात, दिसतंय की."

काय दिसत होतं? केंद्रीय गृहमंत्री होते शिवराज पाटील चाकूरकर, आपल्या मराठवाड्याचे, लातूरचे. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत बॉम्बस्फोट झाले, त्या संध्याकाळी ते तीन वेगवेगळ्या पोशाखांत दिसले, हे वाहिन्यांनी एकाशेजारी एक चित्रं ठेवून दाखवलं होतं. नोव्हेंबरमध्ये ती चित्रं पुन्हा निघाली. ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी मुख्यमंत्री विलासराव देशमुख, तेही लातूरचेच, ताज हॉटेलची पाहणी करायला गेले. सोबत त्यांचे अभिनेते चिरंजीव रितेश आणि सिनेमा दिग्दर्शक राम गोपाल वर्मा. ते चित्र दिवसभर फिरलं. तिकडे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पत्रकारांपुढे, मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतात, अशा अर्थाचं हिंदी वाक्य बोललं. तेही दिवसभर वाजलं. १ डिसेंबरला आर. आर. गेले, त्याच आठवड्यात विलासराव गेले, आणि ८ डिसेंबरला नांदेडचे अशोकराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

या तिघांची वकिली करायला मी उभा नाही. एवढी माणसं मेली असताना सिनेमावाला सोबत नेणं लोकांना खटकलं, ते खटकायलाच पाहिजे होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. लोकांचा राग कपड्यांवर, सिनेमावाल्यावर आणि एका वाक्यावर जाऊन बसला. पोलिसांकडे जुन्या रायफली का होत्या, समुद्रावर पहारा का नव्हता, हे प्रश्न चित्रात दाखवता येत नाहीत, म्हणून ते मागे पडले. त्यासाठी पुढे सरकारनं राम प्रधान समिती नेमली, तिचा अहवाल आला. आपल्यापैकी किती जणांना त्या अहवालात काय होतं ते माहीत आहे? आणि तीन पोशाख किती जणांना आठवतात? बरं, गेलेल्यांचं काय झालं? विलासराव मे २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले. आर. आर. त्याच वर्षी पुन्हा राज्याचे गृहमंत्री झाले. शिवराज पाटील २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. आज हे तिघेही हयात नाहीत, म्हणून वैर धरून बोलत नाही. पण राग कसा वर चढतो आणि कसा विझतो ते बघा. चेहरा पडला की लोकांना वाटतं न्याय झाला. वर्षभरात तोच चेहरा परत येतो, तेव्हा कुणाचं लक्षही नसतं.

त्याच हल्ल्यातली दुसरी बाजू. मुंबईत सगळ्यात जास्त माणसं कुठं मेली? ताजमध्ये नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, म्हणजे आपण ज्याला व्हीटी म्हणतो तिथं, ५८ माणसं मेली. गावाकडं जायला बोचकी घेऊन फलाटावर बसलेली माणसं. आपली लेकरं मराठवाड्यातून मुंबईला कामाला जातात, ती याच स्टेशनवर उतरतात. त्या हल्ल्याला दहा दिवस होत नाहीत तोच ६ डिसेंबर होता आणि आपण चैत्यभूमीला निघालो होतो. तिथल्या निवेदन कक्षातून विष्णू झेंडे नावाच्या रेल्वे कर्मचाऱ्यानं भोंग्यावरून सतत सूचना देऊन कितीतरी लोकांना वाचवलं. व्हीटीवरचा हल्ला थोड्या वेळात संपला, धूर निघाला नाही, म्हणून कॅमेरे तिथं थांबले नाहीत. कसाबचा बंदूक घेतलेला फोटो व्हीटीतलाच आहे, तो जगभर माहीत आहे. मेलेल्या ५८ जणांतलं एक नाव आपल्याला येत नाही.

यात फक्त वार्ताहरांचा दुष्टपणा आहे असं समजू नका. व्यवहार असा आहे की वाहिनीला जाहिराती मिळतात त्या किती लोक बघतात त्यावर, आणि ते मोजण्यासाठी काही निवडक घरांत यंत्रं बसवलेली असतात. त्या काळात ती यंत्रं शहरांत होती. खेड्यातली घरं या मोजणीत आली २०१५ साली. म्हणजे २००८ ला आपण हिंगोली-कळमनुरीच्या खेड्यांत डोळे फाडून बघत असलो तरी त्यांच्या वहीत आपण प्रेक्षक म्हणून नव्हतोच! ज्याची मोजणी नाही त्याचं दुःख दाखवून धंदा कसा होणार? ताजसमोरच्या थेट प्रक्षेपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानंही २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात वाहिन्यांना खडसावलं आहे. बाहेर कमांडो काय करत आहेत ते पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांना घरबसल्या टीव्हीवर दिसत होतं.

बांधवांनो, आता आपल्या घरातलं बोलू. त्याआधी दोनच वर्षं, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांचा खून झाला. सगळं सांगत नाही, समोर लेकरं बसली आहेत आणि मोठ्यांना ते माहीत आहे. तारीख मात्र नीट लक्षात घ्या. २९ सप्टेंबर. आणि २ ऑक्टोबरला दसरा होता, धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष. लाखो लोक नागपूरला दीक्षाभूमीवर जमले होते. इथूनही गाड्या गेल्या होत्या. खैरलांजी तिथून काही तासांच्या वाटेवर. आपण दीक्षाभूमीवर पुस्तकं विकत घेत होतो आणि बाजूच्या जिल्ह्यात काय घडलं ते लाखातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. मराठीत चोवीस तासांच्या वार्ता वाहिन्या तेव्हा निघायच्या होत्या, त्या २००७ पासून निघाल्या. पण हिंदीत होत्या. त्यांनाही खैरलांजीची वाट सापडायला महिना लागला. ती बातमी पसरली ती कार्यकर्त्यांच्या पायानं, सत्यशोधन करणाऱ्यांच्या कागदांनी, हातोहात गेलेल्या पत्रकांनी.

नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर आले. तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटीलच होते, त्यांनी या आंदोलनामागं नक्षलवाद्यांचा हात असल्याचा संशय बोलून दाखवला. महिनाअखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. झालं! कॅमेऱ्याला ज्वाळा मिळाल्या. देशभर प्रत्येक वाहिनीवर जळणारी रेल्वे. प्रवाशांना आधी खाली उतरवलं होतं, हे सांगायला वेळ नव्हता. चार माणसांच्या खुनाचं चित्र नव्हतं म्हणून तो महिनाभर घडलाच नाही, आणि रेल्वेचं चित्र होतं म्हणून आपण सगळे जाळपोळ करणारे ठरलो. त्या दिवशी गिरणीत एका चांगल्या माणसानं, माझ्या शेजारच्या फ्रेमवरच्या, मला विचारलं, "तुमचे लोक असं का करतात?" मी त्याला खैरलांजी सांगितली. त्याला खरंच माहीत नव्हती. तो टीव्ही रोज बघत होता.

मला रेल्वे जाळणं पसंत नाही, स्पष्ट सांगतो. पण तरुणांना दोष देताना हेही बघा की चित्राशिवाय कुणी दखल घेत नाही हे त्यांना शिकवलं कुणी? आमचाच अनुभव ऐका. काही वर्षांपूर्वी पगार थकले म्हणून आम्ही कामगार गेटसमोर बसलो. रांगेत, शिस्तीत, घोषणा देत सतरा दिवस. एका वाहिनीसाठी बातम्या पाठवणारा एक तरुण पोरगा रोज तिथून मोटारसायकलवर जायचा. त्याला मी विचारलं, आमचं दाखव की. तो बिचारा म्हणाला, "मामा, दाखवायला काही नाही ना. नुसते बसलेत." त्याला बातमीमागं पैसे मिळायचे आणि बसलेल्या माणसांची बातमी वर घेतच नव्हते. अठराव्या दिवशी दोन पोरं पाण्याच्या टाकीवर चढली. दुपारपर्यंत चार कॅमेरे हजर! संध्याकाळी बातमी लागली, 'कामगारांचं शोले स्टाईल आंदोलन', मागं सिनेमाचं गाणं. पगार किती महिन्यांचा थकला होता तो आकडा त्यात नव्हता. आमची लेकरं टीव्हीसमोर हसत होती.

तिसरी गोष्ट, आणि ही जास्त अवघड आहे. चित्र पुरावा म्हणून पुढं केलं जातं तेव्हा काय करायचं? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करायला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. सरकारनं सांगितलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, आणि जळत्या टँकरची चित्रफीत पुढं केली. ती बघून कितीतरी भल्या माणसांना वाटलं, मग गोळ्या घालणं भागच होतं. पण टँकर कुठं होता आणि गोळ्या कुठं लागल्या, आधी काय झालं आणि नंतर काय, हे चित्रफीत सांगत नाही. गुंडेवार आयोगानं टँकरचं कारण मानलं नाही आणि गोळीबार गैर ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं गोळीबाराचा आदेश देणारे अधिकारी मनोहर कदम यांना जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट याच घटनेपासून सुरू होतो. तो आपण एकदा विहारात लावावा अशी माझी समितीला सूचना आहे.

आणि परभणी तर आपलं जुनं जिल्ह्याचं गाव. १९९९ पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो. १० डिसेंबर २०२४ ला तिथं स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद होता, त्यात दगडफेक-जाळपोळ झाली, ती टीव्हीवर दिसली. नंतर वस्त्यांत पोलीस शिरले. धरपकड झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की चित्रणात मारहाण दिसत नाही. पुन्हा चित्रच! कॅमेरा जिथं नव्हता तिथं काय झालं, हा प्रश्न मग आईनं आणि वकिलांनी न्यायालयात नेला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. या सगळ्याला मोर्चे लागले, कागद लागले, तारखा लागल्या.

भगवंतांनी कालामांना सांगितलं होतं की परंपरेनं आलं, ऐकण्यात आलं एवढ्यावर मानू नका. आता डोळ्यांनी पाहिलेल्याचीही चौकशी करायची वेळ आली आहे. तरुणांच्या हातात मोबाईल आहे, म्हणजे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आणि टीव्ही दोन्ही. त्याचं मला कौतुक आहे. पण चित्रण आलं की लगेच दहा ठिकाणी पाठवण्याआधी विचारा: कुठलं आहे, कधीचं आहे, कुणी काढलं, आणि याच्या पाच मिनिटं आधी काय झालं. जुनं चित्रण नवं म्हणून पाठवून दंगल उठवणारे लोक आहेत आणि त्यात गुन्हे मात्र आपल्या पोरांवर दाखल होतात, त्यांच्या नोकऱ्या जातात. आपण स्वतः काही चित्रण केलं तर मूळ प्रत पुसू नका, कापाकाप करू नका, तारीख-वेळ कागदावर लिहून वकिलाला द्या.

शेवटी एक कामाचं बोलतो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात आपल्याला जागा नव्हती. 'केसरी'नं त्याची पैसे घेऊनही जाहिरात छापली नाही. आपल्याला वाहिनी काढणं जमणार नाही, पण वही जमेल. १९७८ च्या जुलैमध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, त्याची हलती चित्रं नाहीत. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, काही इथं पुढच्या रांगेत बसली आहेत. मी दोनशे पानांची एक जाड वही आणली आहे, ती अध्यक्षांकडे देतो. कॉलेजला जाणाऱ्या चार मुलींनी लिहायचं कबूल केलं आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर एका ज्येष्ठाला बसवायचं, गावाचं नाव, तारीख, घरात काय होतं, काय जळालं, रात्री कुठं राहिलात, कुणी भाकरी दिली, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवायचं आणि खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. येत्या रविवारी माझी आई बसणार आहे. त्यानंतरच्या रविवारासाठी कोण येणार, ती नावं आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावीत.

जयभीम.